ब्लॅक होल खरंच सगळं गिळतं का? कक्षा, गुरुत्वाकर्षण आणि धोक्याचं सोपं गणित



"पृथ्वीच्या दिशेने येतंय ब्लॅक होल!" अशा थंबनेलचा व्हिडिओ अधूनमधून तुमच्या फीडमध्ये येतच असेल. लाल बाण, मागे घाबरवणारं म्युझिक, आणि एका कोपऱ्यात पृथ्वी शेवयांसारखी ओढली जातेय. आमच्या फॅमिली ग्रुपवर असं काही आलं, की "हे खरं आहे का रे?" हा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण घरात इंजिनिअर मी एकटाच. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दहावीच्या विज्ञानातल्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरच उभं आहे. तो धडा परत उघडला, तर ब्लॅक होलबद्दलची अर्धी भीती तिथेच संपते. उरलेली अर्धी मात्र खरी आहे, आणि ती नेमकी कुठे लागू होते हेही कळतं.

या लेखात आपण पाहणार आहोत: कक्षा म्हणजे काय, ती कशावर ठरते, ब्लॅक होल म्हणजे काय, आणि त्याचा धोका कुठून सुरू होतो.

कक्षा म्हणजे काय?

कक्षा म्हणजे सतत पडणं, पण खालच्या गोष्टीवर कधीच न आदळणं.

हे जरा विचित्र वाटेल, म्हणून आकडा घेऊ. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दर सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते. त्याच एका सेकंदात सूर्य तिला आपल्याकडे ओढतो आणि ती सरळ रेषेपासून फक्त ३ मिलिमीटर सूर्याकडे सरकते. ३० किलोमीटर पुढे, ३ मिलिमीटर आत. हे प्रत्येक सेकंदाला होत राहिलं की मार्ग हळूहळू वळत जातो आणि वर्षभरात एक फेरी पूर्ण होते. सूर्य ओढत नाही असं नाही. तो ओढतोच आहे, पण पृथ्वी आडव्या दिशेने इतक्या जोरात चालली आहे की ती दर वेळी त्याला चुकवून पुढे जाते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातले अंतराळवीर तरंगताना दिसतात, तेव्हा "तिथे गुरुत्वाकर्षण नाही" असं बरेच जण म्हणतात. प्रत्यक्षात जमिनीपासून ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि अंतराळवीर दोघंही एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही, एवढंच. सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पुढे जात असल्यामुळे ते जमिनीवर पडत नाहीत, तर दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतात.

कक्षा कशावर ठरते?

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

१. मध्यभागी असलेल्या वस्तूचं वस्तुमान
२. तिच्यापासूनचं अंतर
३. फिरणाऱ्या वस्तूचा वेग आणि त्याची दिशा

अंतर वाढलं की ओढ कमी होते, आणि तीही वर्गाच्या प्रमाणात. अंतर दुप्पट झालं तर ओढ एक चतुर्थांश. दहापट झालं तर शंभरावा भाग. म्हणून लांबच्या वस्तू सावकाश फिरतात. पृथ्वीभोवतीचीच उदाहरणं बघा:

- अवकाश स्थानक: उंची सुमारे ४०० किलोमीटर, एक फेरी साधारण दीड तासात
- जीपीएस उपग्रह: उंची सुमारे २०,२०० किलोमीटर, एक फेरी सुमारे १२ तासांत
- डिश टीव्हीचे उपग्रह: उंची सुमारे ३५,८०० किलोमीटर, एक फेरी सुमारे २४ तासांत, म्हणून आकाशात एकाच जागी दिसतात आणि छपरावरची डिश हलवावी लागत नाही
- चंद्र: सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर, एक फेरी सुमारे २७ दिवसांत

आता एक महत्त्वाची गोष्ट. कक्षेत असलेली वस्तू मध्यावर पाडायची असेल, तर तिचा आडवा वेग काढून घ्यावा लागतो, आणि ते फार अवघड असतं. नासाने २०१८ मध्ये पार्कर सोलर प्रोब हे यान सूर्याजवळ पाठवलं. सूर्य "ओढतोच" आहे, मग नुसतं सोडून दिलं की गेलं, असं झालं नाही. पृथ्वीकडून मिळालेला सेकंदाला ३० किलोमीटरचा वेग कमी करण्यासाठी त्याला शुक्राजवळून सात वेळा जावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर पोचलं. इतकं करून पोचलं, पडलं तरीही नाहीच.

म्हणजे "ओढ आहे, म्हणून पडणारच" हे गणित मुळातच चुकीचं आहे.

ब्लॅक होल म्हणजे नेमकं काय?

ब्लॅक होलला मराठीत कृष्णविवर म्हणतात. नावात "विवर" असलं तरी ते भोक नाही. फार मोठं वस्तुमान फार छोट्या जागेत दाबलं गेलं, की जे तयार होतं ते कृष्णविवर.

धड्यातला मुक्तिवेग आठवतो? एखाद्या ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा कमीत कमी वेग. पृथ्वीवरून तो सेकंदाला ११.२ किलोमीटर, सूर्याच्या पृष्ठभागावरून सुमारे ६१८ किलोमीटर. वस्तुमान तेवढंच ठेवून वस्तू दाबत गेलो, तर पृष्ठभागावरचा मुक्तिवेग वाढत जातो. तो प्रकाशाच्या वेगाएवढा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर झाला, की आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. सीमेच्या आत गेलेलं काहीच परत येत नाही.

ही सीमा किती मोठी असते ते वस्तुमानावर ठरतं. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. पृथ्वीएवढ्या वस्तुमानासाठी सुमारे ९ मिलिमीटर. म्हणजे सगळे डोंगर, समुद्र, शहरं, पृथ्वीच्या पोटातलं लोखंड, सगळं एका खेळण्यातल्या गोटीएवढ्या जागेत दाबावं लागेल. निसर्गात हे साधारणपणे फार मोठे तारे आयुष्याच्या शेवटी कोसळतात तेव्हा होतं.

सूर्याच्या जागी ब्लॅक होल ठेवलं तर?

मी ग्रहांच्या कक्षा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तुम्हाला थोडंफार पायथन येत असेल तर तुम्हीही एका संध्याकाळी लिहू शकाल. प्रत्येक क्षणी तो तीनच कामं करतो: ग्रह सूर्यापासून किती लांब आहे ते काढतो, सूत्रातून ओढ काढतो, आणि ग्रहाचा वेग व जागा थोडी बदलतो.

सूत्रात काय काय आहे? सूर्याचं वस्तुमान, ग्रहाचं वस्तुमान, दोघांमधलं अंतर आणि एक स्थिरांक. बस. सूर्याचा रंग, तापमान, तो किती मोठा आहे, घन आहे की वायू, यासाठी कोडमध्ये व्हेरिएबलच नाही. मग सूर्य काढून तिथे तेवढ्याच वस्तुमानाचं ब्लॅक होल ठेवायचं असेल तर कोडमधल्या किती ओळी बदलाव्या लागतील? एकही नाही. पृथ्वी तशीच ३६५ दिवसांत फेरी मारत राहील, शनी त्याच्या २९ वर्षांत.

याला आधार न्यूटनचाच आहे. गोल वस्तूच्या बाहेर उभं राहिलं, तर तिचं सगळं वस्तुमान मध्यबिंदूत असल्यासारखीच ओढ लागते, हे त्याने सिद्ध केलं होतं. वस्तुमान पसरलेलं आहे की दाबलेलं, हे लांबच्या ग्रहाला कळतच नाही.

आपलं काय होईल? सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांनी अंधार, आणि पुढच्या दिवसांत जीवघेणी थंडी. आपण संपू, पण ऊब आणि उजेड गेला म्हणून. ओढलं गेल्यामुळे नाही.

हे फक्त कागदावरचं आहे का?

नाही. आकाशात हा प्रयोग चालूच आहे.

पहिलं उदाहरण: गाया बीएच-१. २०२२ मध्ये सापडलेलं हे कृष्णविवर भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. आतापर्यंत माहीत असलेलं हे आपल्याला सगळ्यात जवळचं. वस्तुमान सूर्याच्या साडेनऊ पटींच्या आसपास. त्याच्याभोवती आपल्या सूर्यासारखाच एक तारा फिरतो, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १.४ पट सरासरी अंतरावरून, आणि १८६ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. कृष्णविवर त्याला गिळत नाहीये. ते सापडलंच मुळी त्या ताऱ्याच्या डोलण्यावरून.

दुसरं उदाहरण जास्त थरारक आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर सॅजिटेरियस ए स्टार नावाचं महाकाय कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती एस-२ नावाचा तारा लांबट कक्षेत फिरतो. एक फेरी सुमारे १६ वर्षांची. मे २०१८ मध्ये तो कृष्णविवराच्या सर्वात जवळून, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट अंतरावरून गेला. वेग होता सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरपेक्षा जास्त. आणि मग? वळसा घालून परत लांब निघून गेला. अगदी धूमकेतू सूर्याला वळसा घालून जातो तसा.

या ताऱ्याच्या कक्षेवरून तुम्ही स्वतः त्या कृष्णविवराचं वजन काढू शकता. केप्लरचा तिसरा नियम असा वापरा: सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत घ्या, त्याचा घन करा, आणि वर्षांतल्या कालावधीच्या वर्गाने भागा. उत्तर "किती सूर्य" असं येतं. एस-२ साठी अंतर सुमारे १,०३० आणि कालावधी १६. फोनच्या कॅल्क्युलेटरवर १,०३० चा घन भागिले २५६ करा. उत्तर येतं सुमारे ४३ लाख सूर्य. शास्त्रज्ञांचा अधिक काटेकोर आकडाही याच्याच आसपास आहे. या ताऱ्यांचा अनेक वर्षं माग काढणाऱ्या दोन गटांचे प्रमुख, राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रिया गेझ, यांना २०२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. कृष्णविवरांच्या सिद्धांतावरच्या कामासाठी रॉजर पेनरोज यांना त्याच पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला.

मग खरा धोका कुठे आहे?

इथे व्हिडिओवाल्यांना थोडं श्रेय द्यावं लागेल. कृष्णविवर धोकादायक असतंच. पण कारण "जास्त ओढ" हे नाही. कारण आहे छोटा आकार. सूर्याच्या मध्यापासून ७ लाख किलोमीटरवर त्याचा पृष्ठभाग लागतो, त्याहून जवळ पूर्ण वस्तुमानाची ओढ अनुभवताच येत नाही. तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराच्या मात्र १० किलोमीटरपर्यंत जाता येतं. अंतर सत्तर हजार पटींनी कमी, म्हणजे न्यूटनच्या सूत्राने ओढ जवळपास ५०० कोटी पटींनी जास्त. धोका या जवळिकीत आहे, आणि तो चार प्रकारचा असतो.

१. स्थिर कक्षाच उरत नाही. फार जवळ न्यूटनचं गणित अपुरं पडतं आणि आइन्स्टाइनचं लागू होतं. स्वतःभोवती न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी घटना क्षितिजाच्या त्रिज्येच्या तीन पटींहून आत स्थिर कक्षा नसते. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हे अंतर सुमारे ९ किलोमीटर. इथे मात्र जरासा धक्का लागला की वस्तू आत जाते. "गिळणं" हा शब्द शोभतो तो इथेच.

२. ताण. चंद्राकडची पृथ्वीची बाजू जास्त ओढली जाते आणि पलीकडची कमी, या फरकामुळे समुद्राला भरती येते. कृष्णविवराजवळ हाच फरक तुमच्या पायात आणि डोक्यात पडतो. १० सूर्यांच्या कृष्णविवरापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवर हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहापट होतो. त्याच्या क्षितिजापर्यंत जायच्या कितीतरी आधी शरीर तुटेल. गंमत म्हणजे कृष्णविवर जितकं मोठं, तितका क्षितिजावरचा ताण कमी. सॅजिटेरियस ए स्टारचं क्षितिज मध्यापासून सुमारे सव्वा कोटी किलोमीटरवर आहे, आणि तिथे ताण जाणवणारही नाही इतका कमी असतो.

३. किरण. जवळच्या ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे आला, की तो थेट आत पडत नाही. त्यालाही आडवा वेग असतो, त्यामुळे त्याची भोवती गरगरणारी तबकडी तयार होते. घर्षणाने ती लाखो अंशांपर्यंत तापते आणि क्ष-किरण फेकते. सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर अशाच किरणांमुळे ओळखू आलं. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अॅस्ट्रोसॅट दुर्बिणीनेही त्याचा अभ्यास केला आहे. जवळ जाणाऱ्याला ओढ मारण्याआधी हे किरणच मारतील.

४. कक्षा बिघडणं. एखादं भटकं कृष्णविवर सूर्यमालेतून गेलंच, तर ते ग्रह गिळत बसणार नाही. ते ग्रहांच्या कक्षा विस्कटून टाकेल. पृथ्वी सूर्यापासून थोडी लांब किंवा जवळ गेली तरी हवामान संपलं. पण हेच काम जाता जाता एखादा साधा ताराही करू शकतो. ब्लॅक होल असणं त्यासाठी गरजेचं नाही.

कक्षा हळूहळू आकसत नाही का?

चांगला प्रश्न. एकमेकांभोवती फिरणाऱ्या वस्तू गुरुत्वीय लहरींच्या रूपात ऊर्जा गमावतात, त्यामुळे कक्षा खरंच आकसते. प्रश्न वेगाचा आहे. पृथ्वी आणि सूर्य मिळून या लहरींत सुमारे २०० वॅट गमावतात. घरातले दोन-तीन पंखे चालतील एवढीच ही शक्ती. पृथ्वीच्या कक्षेच्या मानाने ती शून्यच.

याउलट दोन कृष्णविवरं अगदी जवळ आली तर गोष्ट वेगळी. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो प्रयोगशाळेने अशाच एका धडकेच्या लहरी पकडल्या. सुमारे ३६ आणि २९ सूर्यांची कृष्णविवरं एक झाली, आणि सुमारे ३ सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा बनून लहरींत गेलं. त्यातली पृथ्वीवर पोचलेली थरथर अणूच्या केंद्रकापेक्षाही छोटी होती. असे संकेत गोंगाटातून वेगळे काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुकामध्ये अनेक वर्षं पायाभूत काम झालं आहे. आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली.

२००८ ची भीती आणि तिची किंमत

हा विषय नुसत्या गमतीचा नाही, म्हणून हे सांगतो. १० सप्टेंबर २००८ ला जिनिव्हाजवळ सर्न संस्थेचं लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे यंत्र सुरू झालं. त्यात छोटं ब्लॅक होल तयार होऊन पृथ्वी गिळेल, अशी चर्चा आपल्याकडच्या काही वृत्तवाहिन्यांनी कित्येक दिवस चालवली. मी तेव्हा शाळेत होतो, आणि वर्गात तारीख मोजणारी मुलं होती. त्याच दिवसांत मध्य प्रदेशातल्या एका १६ वर्षांच्या मुलीने आत्महत्या केल्याची बातमी आली. टीव्हीवर जग संपणार असं पाहून ती अस्वस्थ झाली होती, असं तिच्या वडिलांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी यंत्रात कणांची टक्करसुद्धा होणार नव्हती, नुसते झोत फिरवून बघायचे होते. पहिल्या टकरी नोव्हेंबर २००९ मध्ये झाल्या. आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण यापेक्षा जास्त ऊर्जेने पृथ्वीच्या वातावरणावर अब्जावधी वर्षं आदळत आले आहेत. तसं ब्लॅक होल पृथ्वी संपवू शकलं असतं, तर ते कधीच झालं असतं. एवढी दोन वाक्यं त्या कार्यक्रमांत ठळकपणे सांगायला हवी होती.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सूर्याचं ब्लॅक होल होईल का?
नाही. तेवढं वस्तुमान नाही. सुमारे ५ अब्ज वर्षांनी तो फुगून लाल राक्षसी तारा होईल आणि शेवटी श्वेत बटू. श्वेत बटूची कमाल मर्यादा सुमारे १.४ सूर्य, हे सुब्रमण्यन चंद्रशेखर यांनी दाखवलं. त्यांना १९८३ चं नोबेल मिळालं.

आकाशगंगेच्या मध्यातलं ब्लॅक होल आपल्याला ओढतंय का?
ओढतंय, पण नगण्य. आपली सूर्यमाला मध्याभोवती फिरते ती आतल्या अब्जावधी ताऱ्यांच्या, वायूच्या आणि कृष्णद्रव्याच्या एकत्रित ओढीमुळे. त्या सगळ्यापुढे ४३ लाख सूर्य म्हणजे पोत्यातले चार दाणे.

भटकं ब्लॅक होल येत असेल तर आधी कळेल का?
त्याची ओढ लपत नाही. बाहेरचे ग्रह गणितापेक्षा वेगळे चालू लागतील. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला तो युरेनसच्या अशाच चुकार चालीवरून.

ब्लॅक होलचा फोटो खरा आहे का?
हो. एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा १० एप्रिल २०१९ ला आणि सॅजिटेरियस ए स्टारचा १२ मे २०२२ ला प्रसिद्ध झाला. दिसते ती तापलेल्या वायूची कडी आणि मधली सावली. रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींवरून तो तयार केलेला आहे, त्यामुळे त्यातला केशरी रंग नंतर दिलेला आहे.

या सगळ्याचा माझ्या फोनशी काय संबंध?
रोजचा आहे. जड वस्तूजवळ वेळ हळू चालतो, हा परिणाम कृष्णविवराजवळ टोकाला जातो, पण पृथ्वीजवळही तो असतोच. वेगाचा उलटा परिणाम वजा करूनही जीपीएस उपग्रहांची घड्याळं रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात मॅपवरचं तुमचं ठिकाण किलोमीटरांनी चुकेल.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला तर

तीन गोष्टी शोधा: वस्तुमान किती, अंतर किती, वेग किती. व्हिडिओत हे तीन आकडे नसतील, तर त्यात विज्ञान नाही, फक्त म्युझिक आहे. आकडे असतील तर कॅल्क्युलेटर उघडा आणि केप्लरचा नियम लावून बघा. आणि घरातलं किंवा वर्गातलं कोणी लहान मूल तो व्हिडिओ बघून गप्प झालं असेल, तर हसू नका. त्याला एस-२ ताऱ्याची गोष्ट सांगा, जो ४३ लाख सूर्यांच्या ब्लॅक होलजवळून जाऊन सुखरूप परत फिरला.